वस्तीची गाडी

वडगाव, बेळगाव
श्रावण वद्य चतुर्दशी, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गेल्या रविवारी पुण्याहून फोनवर तू म्हणालीस, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय, आमची आठवण कशाला येईल तुला." हसतच म्हणालीस, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जोत्यावर बसून होते. या महिन्यात एकदा तर सलग नऊ दिवस मी तुम्हाला फोन केला नाही. चुकलंच माझं. शिवाय बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. माझं बोलणं तू त्यांना ओरडून सांगतेस आणि त्यात निम्मं राहूनच जातं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. बाबा, तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवा.

शाळेच्या सुट्ट्या, चार रविवार, नागपंचमी, पंधरा ऑगस्ट, एवढ्यात जमेल तेवढी मी फिरले. कधी शाळेतल्या बाई बरोबर, कधी माझी शहापूरची मैत्रीण, तर एकदा गोव्याहून आलेली जुनी वर्गमैत्रीण. आणि बाबा, जिथे गेले तिथे सरकारी बसनेच गेले. मैत्रिणीची कार दारात उभी असतानासुद्धा मी तिला म्हटलं, बसनेच जाऊया की.

तुम्ही कंडक्टर म्हणून निवृत्त झालात तेव्हा हे नव्हतं. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात देतो. ते तिकीट हातात पडलं की दर वेळी मला तुमची लाकडी पेटी आठवते. रंगीत तिकिटांच्या गड्ड्या आणि तो पंच, टिच टिच. लहानपणी मी तुमच्या खिशातून टिकल्यांएवढे ते कागदाचे गोळे काढून पाटीवर चिकटवायची. आता गाड्यांत बायकाच जास्त. सीबीटीवर, आपल्या बेळगावच्या बसस्टँडवर, संध्याकाळी खानापूरच्या गाडीला एवढी गर्दी असते की मी रोजची असून दोन गाड्या सोडते. पण बाबा, गाडीत कोण बसतं ते एकदा बघायला हवं तुम्ही. पूर्वी ज्या बायका बाजारालासुद्धा नवऱ्याला पैसे मागून निघायच्या, त्या आता लेकीकडे, दवाखान्यात, देवाला आपल्या आपण निघालेल्या दिसतात.

श्रावण सुरू झाला त्या रविवारी खानापूरच्या आमच्या बाईंच्या शेतात गेले. सगळ्यांची लावण आटोपली होती, त्यांचं एक खाचर तेवढं राहिलं होतं. इंटाण भाताची रोपं. मीही चिखलात उतरले. तासाभरात कंबर धरली, पण बायका गाणी म्हणत ओळीने मागे सरकत होत्या, त्यांना सोडून मला निघवेना. बांधावर नाचण्याची भाकरी, लसणाची चटणी आणि रानातून आणलेली अळंबी. आई, तू करतेस तशी, खोबरं भाजून घातलेली. घास तोंडात गेला आणि पुढचा थोडा वेळ मला बोलताच आलं नाही.

नागपंचमीला शेजारच्या काकूंनी तुझ्या नावाने तंबिटाचे लाडू आणून दिले. "आई न्हाई म्हणून काय झालं, घे की," म्हणाल्या. त्यांच्या परड्यात झोका बांधला होता. मी बसले त्यावर.

मग हलशी. बाबा, नंदगडवरून हलशीला जाणारी गाडी तुम्ही किती वर्षं केली? घरात हलशी हे नाव मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला गावाऐवजी वेळापत्रकातलं एक ठिकाण वाटायचं. आम्ही तिघी बायका उतरलो आणि भूवराह नरसिंहाच्या देवळापुढे उभ्या राहिलो. बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं देऊळ. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह, दुसऱ्यात वराह. मधे उभं राहिलं की पुढेही देव आणि पाठीशीही देव. त्याच्याही सहा-सातशे वर्षं आधी हे गाव पलाशिका म्हणून बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी होतं. तिथे आता कौलारू घरं, दारात वाळत घातलेलं जळण आणि एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. "कुठल्या गे तुम्ही?" तिने विचारलं. बेळगावच्या म्हटल्यावर म्हणाली, "एवढ्या लांबनं देव बघाय आलासा? बसा की मग, पाणी घ्या." तिच्या तांब्यातलं पाणी पिऊन आम्ही निघालो.

येताना नंदगडला उतरलो. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 रोजी इथे फाशी दिली, आणि त्याच्या समाधीपाशी तो वड आहे. वर्गात मी दर वर्षी रायण्णाविषयी सांगते. या वर्षी मुलांना वडाच्या पारंब्या किती खाली आल्यात हेही सांगता येईल. आमच्या वर्गातली निम्मी मुलं घरी मराठी बोलतात आणि गल्लीत कानडी, आणि रायण्णा दोन्हीकडे त्यांचाच आहे. मला ते फार आवडतं.

गोकाकचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी गेले ती मैत्रिणीच्या मुलांसाठी. घटप्रभा भरून होती. 52 मीटर खाली कोसळणारं ते लाल पाणी, झुलता पूल, पलीकडे जुनी गिरणी. मुलं तोंड उघडून बघत राहिली. मला मात्र जास्त लक्षात राहिली ती परतीच्या गाडीतली शेजारची अव्वा. तिने बसल्या बसल्या विचारलं, "ऊटा आतेनव्वा?" म्हणजे जेवण झालं का गं, आणि माझं उत्तर यायच्या आत पदरातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. माझं कानडी तुमच्याइतकं चांगलं नाही बाबा, पण तुमच्यामुळेच जे आहे ते आहे. तुम्ही सीबीटीवर उभे राहून "खानापूर, खानापूर, या की लवकर, बर्री बर्री" असं एका दमात ओरडायचा, तेव्हा त्या दोन भाषा आहेत हेही मला माहीत नव्हतं. अव्वाशी घटप्रभेच्या पुलापासून बेळगावपर्यंत गप्पा झाल्या.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहितेय ते सांगते.

तिसऱ्या शनिवारी मी कणकुंबीला गेले, रात्री तिथेच मुक्कामाला राहणाऱ्या वस्तीच्या गाडीने. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर तिथे आहे, रात्री त्यांच्याकडे राहायचं ठरलं होतं. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी. ही नावं मी तुमच्या तोंडून ऐकून पाठ केली होती, जशी पाढे पाठ करतात. जांबोटीच्या पुढे पाऊस असा लागला की खिडकीबाहेर काही दिसेना. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस याच भागात. कंडक्टर कोवळा पोरगा होता, पंचवीस-सव्वीसचा. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले तसा तो ड्रायव्हरला म्हणाला, "मामा, काचा लावा, आज पाणी येणार आत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कौलांवर पाऊस वाजत होता आणि मी तुमचा विचार करत होते. पहाटे बाईंबरोबर माउलीच्या देवळाकडे निघाले तेव्हा गाडी तिथेच उभी होती. पोरगा मागच्या लांब सीटवरची वळकटी गुंडाळत होता. टपातून पाणी ठिबकत होतं, खाली त्याने एक डबा ठेवला होता, तो भरत आला होता. मी दारातूनच विचारलं, "झोप झाली का रे?" तो म्हणाला, "पाठ भिजली जरा. कुशीवर झोपलो मग."

बाबा, तुम्ही घरी काय सांगायचात? "वस्तीला मजा असते. गावातली माणसं गरम जेवण देतात, गाडीत पाय पसरून झोपायचं, वारा काय सुटतो म्हणून सांगू." मी तर तुमच्याबरोबर वस्तीला यायचं म्हणून रडायची. आणि आई, तू त्यांची वाकळ दर वेळी खताच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून सुतळीने बांधून द्यायचीस. पावसाळ्यात तर दोन पिशव्या, एकात एक. मी विचारलं होतं, "गाडीत कुठे पाऊस पडतो?" तू म्हणालीस, "धूळ बसती गं." तुम्हा दोघांना माहीत होतं. दोघांनी ते एकमेकांना कधी बोलून दाखवलं होतं का, ते मला विचारायचंय. की बाबा मजा सांगायचे, तू ऐकून घ्यायचीस आणि पिशवीला आणखी एक गाठ मारायचीस?

मी त्या पोराला माझ्या डब्यातले दोन तंबिटाचे लाडू दिले. आणखी काय करणार होते.

मग बाईंनी मला मलप्रभेचा उगम दाखवला. कुंडातलं पाणी स्वच्छ, थंडगार, आणि तिथून निघते ती एवढीशी धार. आई, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना धरणाचं अथांग पाणी बघून तू दर वेळी हात जोडतेस ना, ते पाणी इथून येतं. गोव्याचा समुद्र इथून किती जवळ, पण ही बाई त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते, आणि 304 किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. मी ओंजळ भरून तुझ्या नावाने पाणी सोडलं. तुला इथे एकदाही आणलं नाही कुणी. बाबांनी गाडी इथवर आणली, शेकडो वेळा आणली, पण त्यांना पहाटे सहाला परत फिरायचं असायचं आणि तुला घरी आम्हा दोघांचे डबे असायचे. बाबा, हे तुम्हाला लागावं म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही पावसात भिजून जो पगार आणलात त्यावर दादा इंजिनियर झाला आणि मी डी.एड. केलं. तरी हेही खरंच आहे की आईने मलप्रभा सौंदत्तीलाच पाहिली.

कणकुंबीहून आल्यावर मला ताप आला, दोन दिवस. ते नऊ दिवस फोन न करण्यातले पहिले दिवस तेच होते. आवाजावरून तू ओळखलं असतंस, म्हणून केला नाही. आता बरी आहे, अगदी बरी. डॉक्टरांनी साधा व्हायरल म्हणून सांगितलं. काकूंनी मिऱ्याचा काढा दिला आणि दोन रात्री त्या माझ्याकडेच झोपल्या. ताप उतरल्यावर मात्र शाळा, तपासायच्या वह्या आणि मनात काहीतरी साठून राहिलेलं. फोनवर बोलायला लागले असते तर रडले असते, म्हणून रोज उद्यावर ढकलत गेले.

श्रावणी सोमवारी चारही वेळा कपिलेश्वराला जाऊन आले. शेवटच्या सोमवारी रांग रस्त्यावर आली होती. तुमच्या दोघांच्या नावाने बेल वाहिला. वडगावात आपल्या गल्लीत आता मागांचा आवाज दोन घरांतूनच येतो. बाकी सगळं तसंच आहे. तुझी अबोली भरभरून फुललीय, मी रोज पाणी घालते.

आता कामाचं. बाबांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी आता जिने चढायची परवानगी दिली असं दादा म्हणाला. गौरी-गणपतीला तुम्ही याल तेव्हा नुसते पाच दिवस राहून परत फिरायचं नाही. दसऱ्यापर्यंत राहा. पाऊस ओसरला की आपण तिघांनी कणकुंबीला जायचं. बसच्या पुढच्या दाराची पायरी कुठवर येते ते मी मुद्दाम उभी राहून पाहिलंय, माझ्या गुडघ्याच्या थोडी खाली. बाबा, मी खालून हात दिला की जमेल तुम्हाला, आणि कंडक्टर थांबेल, तुम्ही कोण ते मी त्याला आधीच सांगेन. तुम्ही पुढच्या सीटवर बसा, आई खिडकीशी. सकाळच्या गाडीने जाऊ, उगम बघू, बाईंच्या माहेरी जेवू, आणि अंधार पडायच्या आत परत.

दादाच्या ऑफिसातले एक जण शुक्रवारी पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर पिशवी देतेय. वहिनीला आणि चिमणीला बेळगावचा कुंदा. करदंट आईला, त्यात डिंक आहे, कंबरेला बरं. बाबांची साखर वाढलीय म्हणून त्यांना गोड काही नाही, शेंगाचटणीची पुडी आहे तेवढी. तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेली बाटली आहे, ती कणकुंबीच्या कुंडाची. देव्हाऱ्यात ठेव.

आणि आई, दादा बँकेच्या कामासाठी तुझ्या आधार कार्डावर पुण्याचा पत्ता घालायचं म्हणत होता. घालू देऊ नकोस. वडगावचाच राहू दे. मग कणकुंबीच्या गाडीत तुलाही शून्याचं तिकीट मिळेल, आणि बाबांचं मी काढीन.

तुमची,
धाकटी