चौदा नंबरच्या काकीला, उशिराने

प्रिय काकी,

हे पत्र तुझा भाचा तुला वाचून दाखवेल. मधलं काही गाळायचं नाही, असं त्याला बजावलंय. फोनवर सांगायला गेलो की तू आधी ‘जेवलंस काय’ विचारतेस, मग तुझे गुडघे, मग पाऊस, आणि तोवर रेंज जाते. म्हणून लिहून काढलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, कारण यातली एक गोष्ट व्यायामशाळेतल्या पोरांनीही वाचावी असं वाटतं. ती पुढे येईलच.

चाळ रिकामी झाली तेव्हा सामान उतरवायच्या गडबडीत आपण दोघं धड बोललोसुद्धा नाही. तू गावी गेलीस, आम्ही भाड्याच्या घरात. नवीन शेजारी चांगले आहेत, पण दार लावून बसतात.

तुला आठवत असेल, मी पहिल्यांदा तुझ्या दारात आलो तेव्हा माझ्या हातात किलोभर कोंबडी होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आईच्या गळ्यात माळ. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आणि मला उतरायचं होतं शरीरसौष्ठवात. आपल्या लालबाग-परळात हे खूळ काही नवं नाही. थंडी पडली की कुठल्या ना कुठल्या मैदानात मांडव पडतो आणि कुठली तरी ‘श्री’ नावाची शरीरसौष्ठव स्पर्धा असते. व्यायामशाळेत मारुतीच्या तसबिरीशेजारी सुहास खामकरचा फोटो लावलेला. कोल्हापूरचा गडी २०१० साली मिस्टर एशिया होतो, मग आपण निदान नवोदितांच्या स्टेजवर तरी उभं राहू, इतकाच माझा हिशोब. वजन ७४ किलो होतं. ६५ च्या गटात उतरायचं ठरवलं. हातात चौदा आठवडे.

तू कोंबडी घेतलीस, आत ठेवलीस आणि विचारलंस, “आयशीक माहीत हा?”

आईला माहीत होतं. तीच म्हणाली होती, “काकींना विचार, मी काही बोलणार नाही.” एवढंच. पण जाताना चूळ भरून ये, हे रोज सांगायची. मग ती रताळी उकडून तुझ्याकडे पाठवायची आणि तू त्याच डब्यातून तिला सोलकढी. चौदा आठवडे तो स्टीलचा डबा चौदा नंबर आणि पंधरा नंबर यांच्यामध्ये फिरत राहिला.

माझं खाणं काय होतं ते इथे लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला तुझ्या डोक्याचा ताप कळेल. सकाळी ओट्स आणि दहा अंड्यांचं पांढरं. दिवसभरात सहाशे ग्रॅम बिनहाडाची छाती, दोनशे-दोनशेचे तीन वाटे, फक्त उकडून. दुपारी साठ ग्रॅम तांदळाचा भात, संध्याकाळी रताळं, बाकी काकडी, फरसबी, दुधी. कोंबडीतून साधारण १३५ ग्रॅम प्रथिनं आणि अंड्यांतून ३५, हे मी तुला पाठ करून दाखवायचो आणि तू ऐकल्यासारखं करायचीस. अंड्यांचे दहा बलक उरायचे. ते टाकायला तुझा जीव व्हायचा नाही, म्हणून चाळीतली पोरं आणि जिन्यातली मांजर, दोघांनाही वाटून द्यायचीस. माझं वजन उतरत गेलं तशी मांजर फुगत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी तिलाच स्पर्धेत उतरवा म्हणून सुचवलं होतं.

आणि तो काटा. डिजिटल काटा मी आणला त्या दिवशी तुला वाटलं, खाटिक आपल्याला फसवतोय. कच्ची दोनशे टाकली आणि उकडून बघितली तर दीडशे. तू तशीच पिशवी उचलून खाली निघालीस भांडायला. जिन्यात गाठून तुला समजवावं लागलं की पाव भाग पाणी निघून जातं, वजन कच्च्याचंच धरायचं. ऐकलंस, पण पटलं नव्हतं. पुढे दोन दिवस उकडलेलं पाणीसुद्धा वाटीत ओतून काट्यावर ठेवत होतीस. चौथ्या दिवशी मान हलवून म्हणालीस, “खाटिक बरो हा.”

“मीठ नाय, मसालो नाय. आजारी माणसाक पण असा कोणी वाढीत नाय,” असं रोज म्हणत वाढलंस. मालवणी मसाल्याचा डबा हाताशी असताना कोंबडी नुसती पाण्यात सोडायची, याचं तुला किती दुःख व्हायचं ते मला तेव्हा विनोदी वाटायचं. मिठाचं मला तेव्हा काडीचं कळत नव्हतं. कुणीतरी सांगितलं कमी कर, म्हणून पहिल्या दिवसापासून बंदच केलं होतं. तू चिमूटभर टाकायचीस. मला कळायचं. मी बोललो नाही, कारण तेवढीच चव होती.

एकादशीला मात्र तू कोंबडी शिजवायला साफ नकार द्यायचीस. स्वतः मासळी खाणारी बाई, पण “आज तुझ्या आयशीची एकादशी” म्हणून चूल बंद. महिन्यातून दोनदा. पहिल्या एकादशीला मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. माझे सहाशे ग्रॅम! मग आईने साय काढलेल्या दुधाचं पनीर करून दिलं आणि बाकीचं प्रथिनांच्या पावडरवर भागवलं. काही बिघडलं नाही. एका दिवसाने स्नायू गळून पडत नाहीत, हे मला तुम्ही दोघींनी शिकवलंत. तेही न शिकवता.

दहाव्या आठवड्यानंतर मी माणसात नव्हतो. चरबी गेली की थंडी वाजते. मार्च जवळ आलेला, सगळे पंखा लावून बसलेले आणि मी स्वेटर घालून. लोकलच्या बाकावर बसलं की हाडं टोचायची. झोप नव्हती. रात्री मोबाईलवर लोकांना मिसळ खाताना बघत बसायचो. भात पासष्ट ग्रॅम झाला म्हणून तुझ्यावर ओरडलो होतो, आठवतं? पाच ग्रॅमसाठी. सत्तरीच्या बाईवर. तू चिमटीने शितं उचलून काढलीस आणि ताट पुढे सरकवलंस.

आता ती गोष्ट.

स्पर्धेला चार दिवस होते. मी सात-आठ लिटर पाणी पीत होतो, मग ते एकदम तोडायचं, असा बेत. ओळखीच्या एकाने कापलेल्या पाकिटातल्या सहा गोळ्या दिल्या. पाण्याच्या गोळ्या, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या. “आदल्या रात्री दोन, सकाळी दोन, कातडी कागदासारखी होते बघ.” तुझ्याकडे कोंबडीचे पैसे काढताना खिशातलं पाकीट काट्याशेजारी ठेवलं आणि विसरलो. तू चष्मा लावलास, पाकीट उलटंसुलटं केलंस, आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून त्यातलं तुझं पाकीट शेजारी धरलंस. तोच रंग, तेच नाव.

“मेल्या, ही गोळी माका डॉक्टरान दिल्यान. तुझे पाय सुजले काय?”

मी काय काय बोललो ते भाच्याने वाचायलाच हवं. तुला यातलं काय कळतं, म्हणालो. तुझं म्हातारपण वेगळं आणि माझं स्टेज वेगळं, म्हणालो. चौदा आठवड्यांचं वाटोळं करू नकोस, म्हणालो. तू पाकीट डब्यात टाकलंस, डबा मांडीवर घेतलास आणि मग ते वाक्य बोललीस. “माका खुर्चेत घालून तुमी खाली न्हेलास. तुका कोण न्हेतलो?”

आदल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. तुझं सोडियम उतरलं होतं. तू मला काकांच्या नावाने हाक मारत होतीस आणि काकांना जाऊन नऊ वर्षं झालेली. मी आणि नानांच्या मुलाने तुला लाकडी खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं होतं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की या गोळीने पाण्याबरोबर शरीरातले क्षारही निघून जातात आणि वय झालेल्या माणसाला ते झेपत नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. खुर्चीचा पुढचा पाय माझ्या हातात होता. आणि सहा महिन्यांत विसरलो, कारण मला पोटावरच्या रेघा हव्या होत्या.

तेव्हा ऐकलं नाही, रागाने निघून गेलो. नंतर वाचलं ते इथे लिहितो, पोरांसाठी. मोमो बेनाझिझा नावाचा व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू १९९२ साली हॉलंडमधली स्पर्धा खेळला आणि काही तासांत गेला. त्याच्या मृत्यूशी याच प्रकारच्या गोळ्यांचं आणि पाणी तोडण्याचं नाव जोडलं गेलं. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर १९९६ च्या मार्चमध्ये गेला, वय ३१. त्याच्या शरीरात बऱ्याच औषधांचा मारा होता, त्यात याही होत्या. आमच्यातल्या ‘सल्ला’ देणाऱ्यांना ही नावं माहीत असतात. ते सांगत नाहीत. या गोळीने सोडियमबरोबर पोटॅशियमही जातं, आणि हृदयाचा ठोका त्या पोटॅशियमवर चालतो. त्यात मी चौदा आठवडे मीठ जवळजवळ बंद केलेला आणि वर सात-आठ लिटर पाणी ढोसणारा. म्हणजे अर्धं काम मी आधीच करून ठेवलं होतं. गंमत बघ, त्याने फायदाही नक्की नसतो. स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच. पाणी काढलं की ते फक्त कातडीखालचं निघत नाही, स्नायूतलंही निघतं, आणि माणूस स्टेजवर पिळदार दिसायच्या ऐवजी चपटा दिसतो.

नवीन गोळ्या आणायला वेळ होता. आणल्या नाहीत. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या वाक्याने घाबरलो असं म्हणायला तेव्हा लाज वाटली असती. कोंबडी मात्र तिन्ही दिवस वेळेवर दारात होती, झाकण घालून. आपण बोलत नव्हतो.

दुपारी वजन झालं, ६४ किलो ६००. रात्री साडेनऊला आमचा गट. अंगाला टॅनचा काळपट रंग लावल्यामुळे मी जळक्या पातेल्यासारखा झालो होतो, पंप मारायला, म्हणजे स्टेजवर जायच्या आधी स्नायू फुगवायला, दोन विटा आणि एक रबरी पट्टा. समोर बघतो तर शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर तू. आईसुद्धा, डोक्यावरून पदर घेऊन. सात पोझ होतात. समोरून दंड, समोरून लॅट म्हणजे पाठीचे पंख, बाजूने छाती, पाठीवर वळून पुन्हा दंड आणि लॅट, बाजूने ट्रायसेप म्हणजे दंडाची मागची बाजू, मग पोट आणि मांडी. पाठीच्या पोझला मांडीच्या मागे अजून चरबी आहे, हे मला स्वतःलाच कळलं. पाचवा आलो. छोटी ट्रॉफी, हार आणि मांडवाबाहेर पडताना तुझा एकच प्रश्न, “तो माणूस सारखो हसायला कित्याक सांगत होतो?”

गोळी घेतली असती तर तिसरा आलो असतो का, हे मी बरेच दिवस मनात घोळवलं. आता घोळवत नाही. मांडीमागची चरबी गोळीने जात नाही, ती आणखी तीन आठवड्यांनी गेली असती.

रात्री एकला तू कोंबडी-वडे मांडलेस. मसाला घातलेली कोंबडी. पहिल्या घासाला मीठ असं लागलं की मी समुद्राचं पाणी प्यायलोय. सहा वडे खाल्ले, मग मोजायचं सोडलं. तू काटा उचलून फळीवर ठेवलास, उलटा करून. सकाळी घोटे सुजले होते, तीन दिवसांत वजन सत्तर. तू बिस्किटांच्या डब्याकडे बघून म्हणालीस, “आता तुका देव गोळी?” आणि हसत सुटलीस. तेव्हा आपण पुन्हा बोलायला लागलो. पण मी जे बोललो होतो त्याबद्दल काहीच म्हटलं नाही. गॅसचे पैसे द्यायला आलो तर तू दार लावून घेतलंस, आणि तेवढ्याने फिटलं असं मी धरून चाललो.

काकी, त्या दिवशी जे बोललो ते चुकलं. पाच ग्रॅम भाताचंही चुकलं. चौदा आठवडे तू स्वतःला न पटणारं जेवण दिवसातून तीनदा शिजवलंस, आणि एकादशी सोडली तर एकदाच, फक्त एकदाच, नाही म्हणालीस. दोन्हीबद्दल तुझे आभार.

मे महिन्यात येतोय, आईला घेऊन. एकादशी नाही ना ते तिने पंचांगात बघून ठेवलंय. काटा तू गावी नेलास आणि त्यावर आता सोलं मोजून विकतेस, हे भाच्याकडून कळलं. सेल संपलेत म्हणे. दोन पेन्सिल सेल घेऊन येतो. कोंबडी तूच घेऊन ठेव, पण कच्ची मोजून घे.

तुझा,
पंधरा नंबरमधला