शनिवारी येतेय, त्याआधी हे वाचा

पुणे, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

एवढ्यानेच आईच्या पोटात गोळा आला असणार. कुणाला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. दोघं बसून घ्या, बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचा आणि संपेपर्यंत मला फोन करू नका.

मला जर्मनीचा व्हिसा मिळालाय. नोकरीचा. 3 डिसेंबरच्या रात्री मुंबईहून विमान आहे, श्टुटगार्टला.

गेल्या रविवारी नाशिकला हेच सांगायला आले होते. आईने थालीपीठं लावली, बाबांनी तिची नजर चुकवून माझ्या ताटातलं लोणी उचललं, आणि माझं तोंडच उघडेना. परतीच्या शिवाई बसमध्ये सिन्नरपर्यंत वाक्यं जुळवली. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा फोन लावला, तर आई म्हणाली, "स्वेटर खिडकीतच राहिला गं तुझा." झालं. म्हणून हे कुरिअर.

आता कबुली. वर्षभर मी तुमच्याशी खोटं बोलत होते. शनिवारचा ओव्हरटाइम म्हणजे बोट क्लब रोडवरचा मॅक्सम्युलर भवनातला जर्मनचा वर्ग. पाडव्याला कपाटातून डिग्री आणि मार्कशीट काढल्या, त्या पुण्याच्या बँकेसाठी नव्हत्या. आपली पदवी त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे असा दाखला लागतो, तो तिकडचं 'त्साब' नावाचं कार्यालय देतं, 208 युरो घेऊन. आणि सप्टेंबरात कंपनीच्या कामाला मुंबईला गेले, ते व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला. व्हिसा नाही मिळाला तर उगाच तुमची झोप कशाला उडवायची, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तुम्ही "नको जाऊस" म्हणाला असतात तर मी गेले नसते, आणि मला जायचं होतं.

बाबा पहिला प्रश्न विचारतील, की हे पक्कं आहे का, की मामीच्या दादासारखं. (मामीला हे वाक्य वाचून दाखवू नका.) दादाचं अमेरिकेचं काम लॉटरीवर होतं, चिठ्ठी निघाली नाही की हुशारी घरात ठेवा. इथे चिठ्ठ्या नाहीत. मान्य असलेली पदवी, हातात नोकरीचा करार आणि ठरलेला पगार, एवढं असलं की ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळतो. 2025 सालची अट वर्षाला 48,300 युरोची आहे, आणि इंजिनीअर, डॉक्टर अशा माणसं कमी असलेल्या कामांना 43,759 युरो 80 सेंट. ते 80 सेंट मुद्दाम लिहिलेत, नाहीतर बाबांनी विचारलेच असते. माझा पगार त्याच्या वर आहे. काम तेच, मशीनच्या पॅनेलचं प्रोग्रॅमिंग, जे मी सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकले. आता व्हिसावर जायचं. तिथे पोचले की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, मग परदेशी लोकांच्या कार्यालयातून कार्ड. भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, आली की 21 महिन्यांनी कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. करता येतो म्हणतेय. करणारच असं नाही.

आणखी एक सांगायचंय. 1 मार्च 2024 पासून त्यांनी कायदा थोडा सैल केलाय. त्या तारखेनंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळतो, त्यांना आई-वडिलांनाही राहायला बोलावता येतं. करारावर सही करायच्या आधी मी ते कलम तीनदा वाचलं. पण तुमचा सगळा खर्च आणि आरोग्यविमा याची हमी मला दाखवावी लागेल, आणि अडुसष्टीच्या, साखर असलेल्या माणसाला तिकडे विमा मिळणं फार अवघड आहे. त्यामुळे "वर्षभरात तुम्हाला घेऊन जाते" असं मी लिहीत नाही. ते या वर्षातलं शेवटचं खोटं झालं असतं. शिवाय आई, तू तुळस आणि देवघर सोडून येणार आहेस थोडीच? फिरायला मात्र यायचंच. 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो, ते सगळं मी बघीन. मे महिन्यात या. घरातून बाहेर पडायला बाबांना तेवढीच थंडी झेपेल.

बाबांना थंडी झेपत नाही म्हणताना मला हसू आलं. रशियात इर्कुत्स्कला तीन महिने काढून आलेला माणूस! सुखोई विमानाच्या ट्रेनिंगला तुम्ही गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ओझरहून कंपनीची बस यायच्या वेळेला मी रोज फाटकावर चढून बसायचे; तुम्ही त्या बसमध्ये नाही हे माहीत असूनही. आई काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "उतर आता, पोळी गार होते." तुम्ही नसताना तिने मला एकदाही रडताना दिसू दिलं नाही, आणि आता मी तिला एकटीला... तुम्ही दोघं आहात, एकटी कुठे. पण तीन महिने आणि तीन वर्षं सारखी नसतात, एवढं गणित मलाही येतं.

माझ्या खाण्याची काळजी करू नका. पहिले तीन महिने कंपनीची खोली आहे, हीटर आहे, शेगडी आहे. तांदूळ, डाळी तिथे मिळतात. छोटा कुकर, तवा आणि आईचा गोडा मसाला नेतेय. मसाला तीन पुड्यांत बांध, एकात नको. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, म्हणजे तुमचे रात्रीचे नऊ तेव्हा माझे साडेचार. रोज नऊला फोन. बातम्या बंद करून.

आता तुमचं. बाथरूममध्ये दांडी बसवायला शुक्रवारी माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. रक्त तपासायला दर तीन महिन्यांनी मुलगा घरी येईल, पैसे भरलेत. बाबा, टाकीत पाणी किती हे बघायला गच्चीवर चढायचं नाही. द्वारकेच्या चौकातून स्कूटर न्यायची नाही, रिक्षा करा. मिसळ महिन्यातून एक रविवार, तर्री न घेता, आणि "दह्याने उतारा होतो" हे मला ऐकवू नका. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत रांगेत उभं राहायचं नाही. शनिवारी मी करून देते. आई, गुडघ्यांचा व्यायाम टीव्हीसमोर बसून मान हलवणं म्हणजे नव्हे. वणीला गडावर जायचं तर फ्युनिक्युलरने, पायऱ्यांचा नवस देवीला मी समजावते. आणि 2027 च्या ऑगस्टमध्ये पर्वणीला रामकुंडावर जायचं मनातही आणू नका, 2003 ची चेंगराचेंगरी विसरलात का. मी त्या सुमारास सुट्टी काढून येतेय. गर्दी ओसरली की तिघं पहाटे जाऊ.

रागावला असाल तर शनिवारी रागवा. फोनवर नको, मला तोंड बघून ऐकायचंय.

आणि बाबांची ती इर्कुत्स्कची केसाळ टोपी ट्रंकेतून काढून गच्चीवर उन्हात टाका. म्हणजे आई, तू टाक; तुझे गुडघे दुखत असतील तर कामवाल्या मावशींना सांग, बाबांना नको. डांबरगोळ्यांचा वास जायला दोन-तीन दिवस लागतील. वीस वर्षांत नाशिकमध्ये ती कुणी घातली नाही. मी नेतेय.

जेवायला पिठलं-भाकरी कर. गोड काही करू नकोस, मला म्हणून करशील आणि बाबा खातील.

तुमची,
चिऊ