शेवाळाच्या शेतीआधी पाण्यातलं लोह आणि तांबं तपासा

मा. संपादक,

कोकणात समुद्री शेवाळाची शेती करा असं सध्या बरंच बोललं जातंय, प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासून शेवाळासाठी ६४० कोटी ठेवले आणि तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला बायका बांबूच्या तराफ्यांवर कॅपाफायकस नावाचं शेवाळ वाढवून कमावतात हेही खरंय. पण आपल्याकडची चर्चा तराफे, बियाणं आणि सबसिडी इथेच अडकते. पाण्यात काय आहे ते कोणी विचारतच नाही.

नायट्रेट, फॉस्फेट लागतं एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण लोह, मँगनीज, जस्त, मॉलिब्डेनम ही द्रव्यं अगदी कणभर लागतात आणि तेवढी नसली तरी वाढ अडते. मॉलिब्डेनम नसेल तर समोर असलेलं नायट्रेटसुद्धा शेवाळाला वापरता येत नाही. सगळ्यात अवघड प्रकरण लोहाचं. कोणी म्हणेल आपली जांभ्याची जमीन, पावसाळ्यात खाड्या लालभडक, मग लोह कमी कसं पडेल? तर ते लोह डोळ्यांना दिसतं पण त्यातलं बरंचसं शेवाळाच्या कामाचं नसतं, कारण गोडं पाणी खाऱ्यात मिसळलं की विरघळलेल्या लोहाच्या गुठळ्या होऊन ते तळाला बसतं, वर टिकतं ते सेंद्रिय पदार्थांनी धरून ठेवलेलं थोडंसंच. म्हणून तर लॅबमध्ये शेवाळ वाढवताना लोहाबरोबर ईडीटीए, म्हणजे लोहाला धरून ठेवणारं रसायन, घालतात. जपानमधल्या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं की असं धरलेलं लोह नसेल तर लॅमिनारिया या समुद्री शेवाळाच्या मादी रोपांत अंडपेशीच तयार होत नाहीत, म्हणजे पुढची पिढीच नाही!

तांब्याचं बरोबर उलटं. ते लागतं, पण जरा जास्त झालं की विषच, आणि त्याचा फटका कोवळ्या रोपांना आधी बसतो. बोटींच्या बुडाला लावायच्या बऱ्याच रंगांत तांबं असतं, शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणूनच तो रंग लावतात. मग पाणी शांत आहे म्हणून जेटीच्या कडेला तराफे टाकायचे हे मला अजिबात पटत नाही.

मत्स्य विभागाला कळकळीची विनंती, जागा ठरवण्याआधी तिथल्या पाण्यातलं विरघळलेलं लोह आणि तांबं पावसाच्या आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा मोजा, सॅम्पल धातूच्या भांड्यात घेऊ नका नाहीतर आकडेच चुकतील, आणि रिपोर्ट मराठीत ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. कर्ज काढून यात उतरणाऱ्या बचत गटांच्या बायकांना हे आकडे पहिला तराफा बांधायच्या आधी कळायला हवेत.

– एक वाचक, रत्नागिरी