मोठी बॅग आणू नकोस

श्टुटगार्ट, १२ मे

प्रिय विन्या,

तिकिटाचा फोटो मिळाला. त्याखाली तू ऐटीत लिहिलंयस, 'दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो.' किलोंचं निभेल रे, आकाराचं काय? विमानतळावरून घरापर्यंत आपण लोकलने येऊ, तोवर ठीक. पण तू आल्याच्या पुढच्या आठवड्यात गाडीने आल्प्सकडे निघू, तेव्हा त्यातली एकही बॅग आत जाणार नाही. फोनवर सांगितलं तर 'बघू आल्यावर' म्हणून उडवून लावशील, म्हणून हे पत्र.

गाडी तू फोटोतच पाहिलीस. १९८० ची पोर्शे ९११ एससी. तीन लिटरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं, त्यामुळे सामान बॉनेटखाली. ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यापाशी एक मूठ आहे, ती ओढली की झाकण टप्पकन सुटतं. ते वर धरणारे दांडे आता थकलेत. एकदा दूध-भाज्यांच्या पिशव्या काढताना ते सावकाश माझ्या टाळक्यावर येऊन बसलं. तेव्हापासून क्रिकेटचा एक स्टंप टेकू म्हणून लावतो. शेजारचे जर्मन आजोबा त्याला काय समजतात कोण जाणे, पण रोज आदराने बघतात.

आत डोकावलास की वाटेल, छे, जागा तर भरपूर! फसू नकोस. गालिचा उचलला की खाली ८० लिटरची पेट्रोलची टाकी, टाकीच्याच खळग्यात स्टेपनी, डाव्या कोपऱ्यात बॅटरी. उरतो तो मधला खोलगट भाग, आणि त्याची एकही बाजू सरळ नाही. चौकोनी, कडक बॅग आडवी टाक, उभी टाक, तिरकी टाक, एक कोपरा बाहेर राहतोच. तीच वस्तू कापडी पिशवीत कोंबली की लोण्यासारखी बसते. मी दोन जुन्या जिमच्या बॅगा आणि एक बेडशीटचं गाठोडं वापरतो. गाठोड्याला हसू नकोस, सगळ्यात जास्त तेच मावतं.

स्टेपनीची गंमत वेगळीच. ती हवा काढून चपटी करून ठेवलेली असते आणि पंक्चर झालं की लायटरच्या सॉकेटला छोटा पंप जोडून फुगवायची. त्यामुळेच तर जागा वाचते. पण निघालेलं चाक कुठे ठेवायचं? दोन वर्षांपूर्वी बोडनझे तलावाजवळ मागच्या चाकात खिळा गेला. सगळं सामान गवतावर काढलं, पंप घरघरत राहिला, चाक बदललं. आणि मग लक्षात आलं की हे पंक्चरवालं रुंद धूड त्या खळग्यात जन्मात जाणार नाही. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं, तिथलं सामान वैशालीच्या पायाशी आणि मांडीवर. टायरवाला वीस किलोमीटरवर. चिखलाने माखलेल्या चाकाकडे बघत ती म्हणाली, "पुढच्या वेळी त्याला पुढे बसव, मी मागे बसते." ती यंदा येत नाहीये, त्याचं कारण हे नाही असं ती म्हणते.

आता मुद्द्याचं. जड सामान पुढेच गेलं पाहिजे. तुझे आजोबा बैलगाडीत पोती भरताना ओरडायचे, आठवतंय? मागे जास्त भार झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. या गाडीचं दुखणं नेमकं तेच. टाकीतलं पेट्रोल तळाला गेलेलं आणि पुढे सामान काहीच नाही, अशा वेळी वेगात वळण घेतलं की स्टीअरिंग हातात पोकळ लागतं. साठच्या दशकातल्या काही ९११ ना तर कारखान्यातूनच पुढच्या बंपरच्या दोन टोकांना अकरा-अकरा किलोची वजनं बसवून मिळायची! पुढे १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर आणखी मागे सरकवली आणि बरंच निभावलं. तरी मला विचारशील तर, टाकी भरलेली आणि पुढे तीस-चाळीस किलो सामान असलेली गाडीच खरी शहाण्यासारखी चालते. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओच्या घाटाला प्राडच्या बाजूने ४८ वळणं आहेत आणि माथा २७५७ मीटरवर. तिथे मला नाक हलकं नकोय.

तेव्हा काकूंनी दिलेलं लोणचं, आंबापोळी, बेसनाचे लाडू, सगळं बॉनेटखाली. तिथे इंजिनची धग येत नाही. मागच्या सीटची पाठ पाडली की सपाट फळी होते, पण ती इंजिनला खेटून; तिथे फक्त स्वेटर आणि रेनकोट. स्वेटर आणच, जूनमध्येही वर बर्फाच्या भिंती असू शकतात. बूट पायात घालून ये, बॅगेत नको. पुस्तकं दोनच. तो ट्रायपॉड घरी ठेव, त्याच्यावरून आपलं भांडण होईल.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या

ता. क. परवा स्टंपला चीर गेली. येताना एक नवा घेऊन ये, कॅम्पातल्या कुठल्याही दुकानात मिळेल. तेवढ्याला जागा आहे.