घरी न्या म्हणाले, पण घरी काय लागतं ते कुणीच सांगितलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचे आण्णा यंदा आषाढात गेले. तोंडाचा कॅन्सर, तंबाखू, बाकी वेगळं काय सांगायचं. शेवटचे 70 दिवस ते घरीच होते. डॉक्टर म्हणाले आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या आणि सेवा करा. बरोबरच होतं त्यांचं, आण्णांनाही घरीच यायचं होतं. पण सेवा म्हणजे नुसतं पाय चेपणं नाही हो, सेवेला सामान लागतं, आणि ते कुठलं, किती, मिळतं कुठं यातली एक ओळ डिस्चार्जच्या कागदावर नव्हती. पाच गोळ्यांची नावं आणि खाली 15 दिवसांनी दाखवायला या. ज्या माणसाला कूस बदलता येत नाही तो दाखवायला कसा येणार?

पहिल्याच दिवशी सिरिंजवर अडलो. नाकातून नळी होती, त्यातून पेज, दूध, मिक्सरला काढून गाळलेलं वरण द्यायचं. गावातल्या मेडिकलवाल्याने 50 मिलीची सिरिंज दिली, घरी आलो तर तिचं टोक नळीत बसेना, कारण ती सुईची. नळीला लागते ती रुंद तोंडाची, हे मला रात्री नऊ वाजता कळलं, आण्णा उपाशी आणि आई देवापुढं बसलेली. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन चार आणल्या.

डायपरचं पण तसंच, गावात फक्त एल साइज आणि आण्णा 41 किलोवर आलेले, सगळं बाजूने गळायचं. शेवटी आईनं जुन्या लुगड्यांच्या घड्या केल्या, खाली मेणकापड, आणि खरं सांगतो अंडरपॅड नावाची, अंथरुणावर घालायची ओल शोषणारी वस्तू असते हे मला महिन्याने समजलं. कॅन्सरच्या जखमेला वास यायला लागला तेव्हा तर माणसं उंबऱ्यातूनच परत जायची. त्यावर मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून जखमेवर टाकतात, स्वस्तातली गोळी आहे, पण ते सांगितलं एका लांबच्या नात्यातल्या नर्सनं फोनवर.

पलंग आणि एअरबेड (पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी) मात्र फुकट मिळाला. आपल्याकडं बऱ्याच गावांत मंडळं, संस्था रुग्णोपयोगी साहित्य देतात, डिपॉझिट भरायचं आणि वस्तू परत केली की पैसे परत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण आमच्या तालुक्यातलं मंडळ मला दूधवाल्यानं सांगितलं! तोपर्यंत पाठीला जखम झाली होती. (एअरबेड घेणाऱ्यांनी इन्व्हर्टरची सोय आधी बघावी, लाइट गेली की पंप बंद आणि गादी हळूहळू बसते.)

आता खरा विषय, मॉर्फिन, म्हणजे कॅन्सरच्या असह्य वेदनेवरचं अफूपासूनचं औषध. ट्रॅमाडॉल या साध्या वेदनाशामक इंजेक्शननं भागेना तेव्हा आण्णा रात्रभर भिंतीवर बोटं वाजवायचे, तोंडानं ओरडता पण येत नव्हतं. मेडिकलवाला म्हणाला मॉर्फिन ठेवलं तर मी आत जाईन. काही रुपयांची गोळी, पण ती आणायला मी 130 किलोमीटर पुण्याला डॉक्टरांकडे जायचो, दर 15 दिवसांनी, आधार आणि फाइल घेऊन, कामाचा खाडा करून. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री आण्णा सलग पाच तास झोपले. आम्ही जागेच, श्वास बघत. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं, तेही त्या पुण्याच्या डॉक्टरांनीच समजावून सांगितलं.

मी नंतर चौकशी केली. 1985 च्या नार्कोटिक्स म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळं सगळे घाबरून असायचे, ढीगभर लायसन्स लागायची. पण 2014 साली कायदा बदलला, मॉर्फिन, फेंटानिल वगैरे सहा औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली आणि त्यानंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या दवाखान्याला ती ठेवता येतात. अट काय, तर वेदनाशमनाचं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर हवा. एवढंच! इतकी वर्षं झाली तरी आमच्या तालुक्याचा मेडिकलवाला अजून जुन्याच कायद्याला घाबरतोय, आणि त्याला तरी काय बोलणार, त्याला कुणी येऊन सांगितलंच नाही. केरळनं 2008 मध्ये अशा रुग्णांच्या वेदनाशमनाचं आणि सेवेचं धोरण केलं, तिथं पंचायतीच्या मदतीनं नर्स घरी येऊन नळी, जखम बघून जाते. आपल्याकडं आशाताई घरोघरी जातातच की, पण त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामं, आणि या कामाचं त्यांना ट्रेनिंग पण नको का?

माझं मागणं दोनच. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरी डॉक्टरला हे ट्रेनिंग देऊन तिथं मॉर्फिन ठेवा. आणि 'घरी न्या' म्हणताना हातात सामानाची यादी द्या, साइजसकट, आणि खाली तालुक्यातल्या साहित्य देणाऱ्या मंडळांचे फोन नंबर.

उरलेल्या गोळ्या मोजून परत द्यायच्या असतात, त्या तेराव्यानंतर जाऊन देऊन आलो. अंडरपॅडचं एक न फोडलेलं पाकीट आणि पलंग, एअरबेड मंडळात नेऊन ठेवला. एअरबेडच्या पिशवीत वहीचा एक कागद घातलाय, रुंद तोंडाची सिरिंज, डायपर मोजून घ्या, जुनी लुगडी टाकू नका, असं बरंच काय काय दोन्ही बाजूंनी लिहिलंय. मंडळातल्या काकांनी त्याची झेरॉक्स मागितली.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा
(कृपया नाव छापू नये)