सवलतींचे अर्ज आत्ताच द्या
मंडळी, सत्र सुरू झालंय, म्हणून पुन्हा आठवण. अपंग विद्यार्थ्यांना परीक्षेत मिळणाऱ्या सवलती, म्हणजे जादा वेळ, लेखनिक (तुम्ही सांगाल ते लिहिणारा), वेगळी खोली, यातलं जे लागणार असेल त्याचा अर्ज आत्ताच द्या. ऐनवेळी लेखनिक मिळतोही, पण तुमच्या विषयातली चिन्हं त्याला कळतीलच असं नाही. म्हणून आधीच त्याच्यासोबत एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा.

नोट्सचं एक: स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तिथे गप्प बसतो. मजकूर सिलेक्ट होत नसेल तर शिक्षकांकडे मूळ फाइल मागा. संकोच कसला? संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं कलम २४ उच्च शिक्षणातल्या सोयींबद्दलही बोलतं.

आणि हो, अर्जाची पोच घ्या!