गवत कापायच्या मशीनवरची रोड ट्रिप

संपादक साहेब, रोड ट्रिपचे सिनेमे म्हटलं की सगळे चकाचक गाड्याच सांगतात, मला मात्र २००६ च्या 'लिटल मिस सनशाईन'मधली ती पिवळी फोक्सवॅगन आठवते, क्लच गेलेला, अख्खं घर मागून ढकलतंय आणि गाडी सुरू झाली की एकेक जण पळत पळत आत उडी मारतोय! आणि डेव्हिड लिंचचा 'द स्ट्रेट स्टोरी' तर बघाच, म्हातारा आजारी भावाला भेटायला चक्क गवत कापायच्या मशीनवर बसून निघतो, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून विस्कॉन्सिन राज्यात, आणि हे १९९४ साली खरंच घडलंय, जवळपास ३८६ किलोमीटर, सहा आठवडे लागले त्याला. परवा तो बघून रात्री बाराला नकाशा उघडून बसलो, बायको म्हणाली, आधी झोपा.

- एक वाचक